पत्र आणि पत्र नेणारा मनुष्य
(मंडळीच्या सेवेत थेट चित्रसंवादाचा व प्रक्षेपणाचा उपयोग : उपदेशकांकरिता एक पाठ)

शास्त्रपाठ : कलस्सै. २:५ व ४:७–१६; १ थेस्स. ३:६–१०, २ योहान १२, लूक ५:१२–१३ व ७:१–१०.

पाठाचा हेतू : जे देहाने दूर आहेत त्यांच्यापर्यंत मोबाईलच्या द्वारे कसे पोहोचावे, व पोहोचल्यावर कोठे थांबावे, हे समजून घेणे.

प्रस्तावना

दसरा झाला व साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून धूर निघू लागला म्हणजे आमच्या बीड व अहिल्यानगरकडील कित्येक गावांत उपासनेची सतरंजी अर्धी रिकामी पडते, हे आपणांस ठाऊकच आहे. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड व लहान मुले घेऊन निघतात, ती मार्च-एप्रिलात परत येतात. नाताळाच्या दिवशी उपदेशकासमोर म्हातारेकोतारे, शाळेकरिता मागे ठेवलेली मुले व दोन-चार आजारी माणसे एवढीच मंडळी असते. तरुण स्त्रीपुरुष त्या वेळी शेदोनशे कोसांवर कोणाच्या तरी फडात ऊस तोडीत असतात, व रात्री पाचटाच्या कोपीत निजतात. त्यांत नुकताच बाप्तिस्मा झालेले असतात, आणि ज्यांच्या लहानग्यास नुकतीच माती दिली असेही असतात. ह्या सहा महिन्यांत त्यांचा पाळक कोण?

हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आता त्या कोपीतही एक मोबाईल असतो, व त्यात बोलणाऱ्याचे तोंड दिसते. ह्यास्तव पुष्कळ उपदेशक आम्हांस विचारतात की, ह्या साधनाने उपासना चालवावी काय? कोणी म्हणतात, हीच सर्व दुखण्यांवर मात्रा आहे, आता गावोगाव पायपीट नको. दुसरे म्हणतात, ज्या काचेत दिवसभर तमाशे चालतात तिच्यात देवाचे वचन घालू नये. आमच्या मते दोन्ही पक्षांनी प्रथम शास्त्रात व मग मागील इतिहासात थोडे पाहावे.

१. नवे साधन व जुनी भीती

प्रेषित पौलाने कलस्सै येथील मंडळीचे तोंड पाहिले नव्हते. तो बंदीत होता. तरी आपण देहाने दूर असलो तरी आत्म्याने त्यांच्याबरोबर आहो व त्यांची सुव्यवस्था पाहून आनंद करितो, अशा अर्थाचे त्याने त्यांस लिहिले. हे त्याने कशाने केले? कागद, शाई व रोमी लोकांनी बांधिलेले रस्ते ह्यांनी. ती साधने देवाने खास मंडळीकरिता निर्मिली नव्हती. त्याच रस्त्यांनी सैन्य जाई व त्याच शाईने सावकार खते लिही. प्रेषिताने ती साधने उचलिली व त्यांस कामाला लाविले.

आपल्या भाषेतही असेच घडले. मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत १८०५ साली श्रीरामपूर येथे छापून निघाले, व १८४२ साली अहमदनगर येथे (त्या नगरास आता अहिल्यानगर म्हणतात) अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला. छापील कागद हा त्या काळी नवाच प्रकार होता, आणि शास्त्र म्हणजे हाताने लिहिलेली पोथी अशी लोकांची समजूत होती. आज छापील पुस्तकाविषयी कोणास शंका येत नाही.

पुढे नभोवाणी आली. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी कॅल्व्हरी एपिस्कोपल मंदिरातील सायंकाळची उपासना केडीकेए ह्या केंद्रावरून प्रक्षेपित झाली. मंदिरातून प्रक्षेपित झालेल्या उपासनांत ती पहिली समजतात. त्या प्रसंगाची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र सांभाळणारे जे दोघे कारागीर होते, त्यांस गायकांचे झगे घालून बसविले होते, अशासाठी की उपासकांचे लक्ष त्यांच्याकडे जाऊ नये. लंडन येथे सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या मंदिरातून ६ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने उपासना ऐकविली. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ च्या एप्रिलात, वेस्टमिन्स्टर ॲबीतील राजपुत्राच्या विवाहाचा विधी नभोवाणीवर देण्यास तेथील धर्माधिकाऱ्यांनी नकार दिला होता. दारूच्या गुत्त्यात माणसे डोक्यावर टोप्या ठेवून तो पवित्र विधी ऐकतील, अशी भीती त्यांस वाटली असे सांगतात.

ही भीती अगदीच खोटी नव्हती. लोकांनी कोठेही बसून ऐकलेच. तथापि त्याच नभोवाणीने अंथरुणास खिळलेल्या पुष्कळांस उपासनेचा लाभ झाला. ह्यावरून दोन गोष्टी आम्ही शिकतो : साधनास भिऊन देवाचे काम अडवू नये, आणि साधन सांभाळणाऱ्याने झगा घालून मागे बसावे. ज्या उपासनेत मोबाईल धरणारा मुलगा वेदीसमोर नाचतो, तेथे उपासक प्रभूकडे पाहात नाहीत, मुलाकडे पाहतात.

२. दोन साधने, दोन कामे

चित्रसंवाद व प्रक्षेपण ह्या दोहोंस पुष्कळ लोक एकच समजतात. त्यामुळे फार घोटाळे होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो.

चित्रसंवाद म्हणजे ज्यात दोन्हीकडची माणसे एकमेकांस पाहतात व बोलतात तो. व्हॉट्सॲपवरील गटाचा व्हिडिओ कॉल, झूम व गुगल मीट ही ह्या जातीची साधने होत. व्हॉट्सॲपच्या एका कॉलमध्ये बत्तीस जण बसू शकतात. झूम व मीट ह्यांच्या फुकट प्रकारांत शंभर जण येऊ शकतात. परंतु झूमची फुकट बैठक चाळीस मिनिटांत व मीटवरील तिघांची वा त्याहून अधिकांची बैठक एका तासात बंद होते. हे नियम त्या त्या कंपन्या मधून मधून बदलतात, म्हणून अगोदर पाहून घ्यावे. हे साधन प्रार्थनासभा, शास्त्राभ्यास, बाप्तिस्म्याच्या उमेदवारांचा वर्ग व आजाऱ्याची विचारपूस ह्यांस योग्य आहे.

प्रक्षेपण म्हणजे एकाने बोलावे व पुष्कळांनी पाहावे. यूट्यूब व फेसबुक ह्यांवरील 'लाइव्ह' ह्या जातीचे. पाहणारे कितीही असोत, बोलणाऱ्यास त्यांचे तोंड दिसत नाही. मोबाईलवरून यूट्यूबवर प्रक्षेपण करावयाचे तर त्या वाहिनीस निदान पन्नास सभासद असावे लागतात, व परवानगी प्रथम मिळण्यास चोवीस तासही लागू शकतात. म्हणून उत्तम शुक्रवारच्या सकाळी वाहिनी उघडू पाहणारा उपदेशक फजीत होतो. सणाची उपासना, लग्न, मृताची अंत्योपासना व दूरदेशी असलेल्या नातलगांची सोय ह्यांकरिता हे साधन बरे.

नियम असा लक्षात ठेवावा : ज्याला उत्तर हवे आहे त्याच्याशी संवाद करावा; ज्याला केवळ ऐकावयाचे आहे त्याच्याकरिता प्रक्षेपण करावे. पश्चात्तापाने व्याकूळ झालेल्या मनुष्यास प्रक्षेपणाची लिंक पाठविणे म्हणजे भाकर मागणाऱ्यास भाकरीचे चित्र देण्यासारखे आहे.

३. टाळेबंदीने आम्हांस काय शिकविले

मार्च २०२० मध्ये देशात टाळेबंदी लागली व उपासनामंदिरांस कुलुपे पडली. त्या वर्षीचा झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार व १२ एप्रिलचा पुनरुत्थानदिन आम्ही सर्वांनी घरी बसून पाळिले. महाराष्ट्रातील धर्मस्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. ज्यांनी कधी व्हिडिओ कॉल केला नव्हता अशा वृद्ध पाळकांनी त्या काळात नातवंडांकडून धडे घेतले. कित्येक घरी बाप प्रथमच शास्त्र उघडून मोठ्याने वाचू लागला, हे मोठेच फळ म्हटले पाहिजे.

परंतु त्या काळी आमच्या हातून एक चूक घडली, ती येथे सांगितल्यावाचून हा पाठ प्रामाणिक होणार नाही. दुसऱ्या बंदीच्या वेळी आम्ही रविवारी प्रक्षेपण करीत होतो. उपासनेच्या शेवटी, मंदिरात करितो त्याचप्रमाणे, आजाऱ्यांची नावे घेऊन आम्ही प्रार्थना केली. एका विधवा भगिनीने आपल्या दुखण्याचे नाव आम्हांस विश्वासाने सांगितले होते. ते दुखणे असे की त्याचे नाव ऐकताच आमच्या खेड्यांत लोक पाण्याचे भांडे बाजूला ठेवितात. आम्ही ते नाव प्रार्थनेत उच्चारिले. मंदिरात तीस माणसे असती. ती सर्व आपली असती. येथे कोण ऐकत आहे ते आम्हांस दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढाच तुकडा गावभर एका मोबाईलवरून दुसऱ्यावर फिरत होता. ज्या घरी ती भांडी घासावयास जाई, त्या घराने तिला येऊ नको म्हणून निरोप पाठविला.

आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला. पण सुटलेला शब्द परत येत नाही. बंदी उठल्यावर आम्ही तिच्या दारी गेलो. तीन वेळा दार उघडले नाही. चौथ्या वेळी तिने आम्हांस ओट्यावर बसविले, पाणी दिले, व म्हणाली, "पाळकसाहेब, देवाला माझं नाव ठाऊक होतं. तुम्ही ते बाकीच्यांना कशाला सांगितलंत?" ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. क्षमा मागितली, ती तिने दिली. परंतु मंदिरात ती पुन्हा येऊन बसावयास जवळजवळ एक वर्ष लागले, व गेलेले काम तिला परत मिळाले नाही.

ह्यावरून आम्ही जे नियम केले ते आपणांपुढे ठेवितो.

(अ) प्रक्षेपण चालू असता कोणाचे नाव, दुखणे, कर्ज, घरचे भांडण किंवा खटला उच्चारू नये. 'एक आजारी भगिनी' एवढे पुरे. नावे घेऊन प्रार्थना करावयाची असेल तेव्हा प्रथम प्रक्षेपण बंद करावे.

(आ) मोबाईलचे तोंड बोलणाऱ्याकडे असावे, बसलेल्यांकडे नसावे. मंडळीत कोणी असा असतो की ज्याने आपण येथे येतो हे अद्यापि घरी सांगितलेले नाही. ते केव्हा व कसे सांगावे हे ठरविणे त्याचे आहे. आमच्या काचेने ते त्याच्या आधी सांगू नये.

(इ) लहान मुलांचे तोंड दाखवावयाचे तर आईबापांस अगोदर विचारावे. कोणत्या मुलाचे नाव, शाळा व गाव एकत्र सांगू नये.

(ई) यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून ठेवलेला व्हिडिओ गुप्त असतो अशी पुष्कळांची समजूत आहे, ती चुकीची होय. तो शोधून सापडत नाही इतकेच. लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो व पुढे धाडू शकतो.

(उ) झूमच्या बैठकीस परवलीचा शब्द ठेवावा, व आलेल्यास ओळखून मगच आत घ्यावे. २०२० साली कित्येक प्रार्थनासभांत परके लोक शिरून त्यांनी घाणेरडी चित्रे दाखविली. दारावर एक वडील बसवितो, तसा येथेही एक बसवावा.

४. साधनाची तयारी

आता साध्या व्यवहाराच्या गोष्टी. ह्यांस पुष्कळसा पैसा लागत नाही, काळजी लागते.

आवाज : चित्र अंधुक असले तरी लोक सहन करितात, आवाज फाटला तर उठून जातात. म्हणून मोबाईल बोलणाऱ्यापासून दोन-तीन हातांवर ठेवावा, किंवा सदऱ्यास लावण्याचा लहान माईक घ्यावा. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. मागे एक जाड गोधडी टांगिली तर बराच कमी होतो.

प्रकाश : खिडकी किंवा दार बोलणाऱ्याच्या समोर असावे, पाठीमागे नसावे. पाठीमागे असल्यास तोंड काळे दिसते. मोबाईल हातात न धरिता विटांवर किंवा तिवईवर टेकून, आडवा ठेवावा.

वीज व रेंज : आदल्या रात्री मोबाईल पूर्ण भरून ठेवावा. ज्या जागी रेंज येते ती जागा शनिवारी शोधावी. उपासनेच्या वेळी हातात मोबाईल धरून अंगणात फिरू नये. मध्येच कोणाचा फोन आल्यास प्रक्षेपण तुटू शकते, म्हणून त्याची व्यवस्था अगोदर करावी.

खर्च : हा हिशेब प्रत्येक उपदेशकाने पाठ करावा. साधारण बरे चित्र पाठविण्यास सेकंदास दहा लक्ष बिट लागतात असे धरिले, तर एका तासास सुमारे ४५० एमबी डेटा खर्च होतो. चित्रावाचून नुसता आवाज, सेकंदास ६४ हजार बिट ह्या मानाने, तासास सुमारे २९ एमबीत जातो. म्हणजे एका चित्राच्या खर्चात पंधरा वेळा आवाज पोहोचतो. ज्याच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी आहे, त्याचा तिसरा हिस्सा आमच्या एका तासाच्या उपासनेने खाल्ला. कोपीत पाच कुटुंबांत एक मोबाईल असतो, हे लक्षात ठेवून बोलावे. थोडक्यात बोलणे ही येथे केवळ शोभा नव्हे, ते दान आहे.

गीते : दुसऱ्याने ध्वनिमुद्रित केलेले गीत आपल्या प्रक्षेपणात वाजविल्यास यूट्यूब तो भाग मुका करू शकते, कारण त्या मुद्रणावर करणाराचा हक्क असतो. आपली मंडळी आपल्याच कंठाने गाईल तर बरे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली प्रभूजवळ गेले. त्यांच्या पद्यांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे, व ती पेटी-मृदंगावर आपण मोकळेपणाने गाऊ शकतो.

५. जे ह्या साधनाने होत नाही

प्रथम एकत्र गायन होत नाही. आवाजाचे लहान लहान तुकडे होऊन ते दूर जातात व तेथे पुन्हा जोडिले जातात. ह्यात थोडा वेळ जातो. संवादात तो क्षणाचा अंश असतो, प्रक्षेपणात कित्येक सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. बोलण्यास तो अडथळा करीत नाही, परंतु टाळीस टाळी मिळत नाही. म्हणून एकाने गावे व बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून आपल्या ठिकाणी गावे. आपण कोणाच्या कानी पडत नाही ह्याचे वाईट वाटू नये. ज्याच्याकरिता गातो त्याच्या कानी पडते.

दुसरे, प्रभुभोजनाचा प्रश्न. २०२० साली ह्याविषयी मोठमोठ्या मंडळ्यांचे एकमत झाले नाही. अमेरिकेतील एका मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळीने आपत्काळापुरती पडद्याच्या द्वारे प्रभुभोजनास मुभा दिली. इंग्लंडच्या मंडळीत घरोघरी ठेविलेल्या भाकरीवर दुरून आशीर्वाद उच्चारण्यास संमती मिळाली नाही. आम्ही येथे निवाडा करीत नाही. उपदेशकाने आपल्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे चालावे. इतकेच सुचवितो की, करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात एकमेकांकरिता थांबण्याची जी आज्ञा आहे, तीत थांबणे व वाट पाहणे हेही उपासनेचेच अंग आहे. फडावर हंगामात एकदा पाळकाने भाकर व प्याला घेऊन स्वतः जावे, हा सर्वांत चांगला मार्ग होय.

तिसरे, स्पर्श होत नाही. लूकाच्या सातव्या अध्यायात शताधिपतीने प्रभूस आपल्या छपराखाली येण्याची तसदी दिली नाही. केवळ शब्द मागितला, व तो शब्द दूर जाऊन दास बरा झाला. ह्यावरून प्रभूच्या शब्दास अंतर अडवीत नाही हे सिद्ध आहे. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात कुष्ठरोग्यास बरे करिताना प्रभूने हात लांब करून त्यास शिवले. शब्दाने काम झाले नसते काय? झालेच असते. पण त्या मनुष्यास कित्येक वर्षांत कोणी शिवले नव्हते. त्याला बरे होण्याबरोबर स्पर्शही हवा होता, हे प्रभूने ओळखिले. आपल्या मंडळीत शताधिपती कोण व कुष्ठरोगी कोण हे ओळखणे, हेच पाळकाचे काम. त्या विधवा भगिनीच्या दारी आम्ही चार वेळा मोबाईल पाठविला असता, तर दार अद्यापि बंदच असते.

६. तुखिक कोण?

पौलाने कलस्सैकरांस पत्र लिहिले, ते तुखिकाच्या हाती दिले. चौथ्या अध्यायात तो सांगतो की, माझे सर्व वर्तमान तुखिक तुम्हांस कळवील, व तुमच्या मनांस धीर यावा म्हणूनच त्याला पाठविले आहे. त्याच्याबरोबर अनेसिम आहे, तो तुमच्यातलाच आहे. म्हणजे प्रेषिताचे पत्र एकटे गेले नाही. त्याबरोबर पाय असलेला, तोंड असलेला व त्या गावचा एक मनुष्य गेला. पुढे ते पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जावे अशी त्याची आज्ञा होती. तेथेही कोणी तरी ते नेऊन मोठ्याने वाचिलेच असेल.

आणि पत्र लिहिणाऱ्या प्रेषितांस पत्रावर समाधान नव्हते. पौल थेस्सलनीकाकरांचे तोंड पाहावयास मिळावे म्हणून रात्रंदिवस विनंती करीत असे. योहान आपल्या दुसऱ्या पत्रात पुष्कळ लिहावयाचे असूनही कागद व शाई बाजूस ठेवितो, कारण समक्ष येऊन बोलावे व आनंद पूर्ण व्हावा ही त्याची आशा आहे. त्यांनी पत्राचा त्याग केला नाही व पत्रावर थांबलेही नाहीत. आमच्या मते मोबाईलविषयी मंडळीचा धर्मही एवढाच आहे.

ह्यास्तव हंगामाकरिता पुढील व्यवस्था सुचवितो.

टोळ्या निघण्यापूर्वी, त्यांच्यासाठी प्रार्थना होते त्या रविवारी, प्रत्येक टोळीत एक तुखिक नेमावा. तो बंधू असो की भगिनी, वाचता येणारा व जिभेवर ताबा असणारा असावा. त्यास मंडळीसमोर उभे करून हे काम सोपवावे. त्याच्या मोबाईलचा महिन्याचा रिचार्ज मंडळीच्या वर्गणीतून भरावा. मिशनच्या पैशाची वाट पाहू नये.

फडावर रविवार नसतो. पहाटे तोडणी सुरू होते, व गाडी भरावयास कधी रात्रही होते. म्हणून 'सकाळी नऊला थेट उपासना पाहा' असे त्यांस सांगणे म्हणजे थट्टा होईल. आठवड्यातून एक रात्र ठरवावी, व तुखिकाने 'आज सवड आहे' असे कळविल्यावर कॉल लावावा. कॉल वीस मिनिटांचा असावा : एक कडवे, दहा-बारा वचनांचे वाचन, पाच मिनिटे बोध, मग त्यांचे वर्तमान ऐकणे, व प्रार्थना. ऐकण्याचा वेळ बोधाच्या वेळेहून कमी नसावा. ज्या रात्री कॉल लागत नाही, त्या रात्री तोच बोध आवाजात भरून व्हॉट्सॲपवर धाडावा. तो दुसऱ्या दिवशी बांधावर बसून भाकर खाताना ऐकता येतो.

गावी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकरिताही असाच मनुष्य हवा. मुलगा फडावर आहे व आई अंथरुणास खिळली आहे, अशा घरी उपदेशकाने आठवड्यातून एकदा मोबाईल घेऊन जावे, तिच्या शेजारी बसून मुलाशी बोलणे करून द्यावे, व नंतर मोबाईल खिशात घालून आणखी थोडा वेळ बसावे. आमचा अनुभव असा आहे की, ती जे सांगावयाचे ते मोबाईल खिशात गेल्यावर सांगते.

नाताळात प्रक्षेपण अवश्य करावे. मुलांनी गाईलेले गीत कोपीतल्या आईबापांस दिसावे, ह्याहून ह्या साधनाचा चांगला उपयोग कोणता? आईबापांची संमती येथे सहजच मिळेल. परंतु त्या आठवड्यात उपदेशक किंवा वडील ह्यांपैकी एकाने एसटीत बसून फडावर जावे, व गावच्या घराघरांतून जमविलेला फराळ बरोबर न्यावा. पत्र पुढे जाईल, तुखिक मागून पोहोचेल.

अभ्यासाचे प्रश्न

१. कलस्सैच्या पत्राबरोबर तुखिक व अनेसिम ह्यांस का पाठविले? पत्रात जे नव्हते ते त्यांनी काय दिले असेल?

२. लूक ५ व लूक ७ ह्यांतील दोन रोग्यांत काय भेद आहे? आपल्या मंडळीत दुरून ज्याची सेवा पुरेशी होईल असा कोण आहे, व ज्याच्या दारी गेलेच पाहिजे असा कोण?

३. आपल्या उपासनेत असे काय बोलले जाते की जे सर्व गावाच्या कानी पडू नये? ते वगळावे की प्रक्षेपण थांबवावे?

४. इब्री १०:२४–२५ वाचा. ज्यास चालता येते पण मोबाईलमुळे जो घरीच बसू लागला आहे, त्यास आपण काय सांगाल? व तो आपणांस काय सांगेल, हेही लिहून आणा.

५. आपल्या गावातून ह्या हंगामी किती टोळ्या जाणार आहेत? त्यांतील तुखिक कोण?

ह्या आठवड्याचे काम : आपल्या मंडळीतील जे कोणी दूर आहेत त्यांची यादी करावी. प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखावेत. एकात 'बोललो' व दुसऱ्यात 'भेटलो' असे लिहावे, व तारीख घालावी. पहिला रकाना भरत चालला व दुसरा कोराच राहिला, तर उपदेशकाने तो कागद घेऊन गुडघे टेकावेत, व मग चपला घालाव्यात.